प्रेसवरची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसच्या तोंडावर मला बसवलं होतं. वरचा दणका खाली येण्याआधी मी आडवी यायचं आणि कामगाराचा हात बाहेर ठेवायचा, एवढंच माझं काम. मी बंद झाल्याशिवाय प्रेस चालतच नसे. मला बसवणारा फिटर म्हणाला होता, "हिला चुकवून कुणाचं नखही आत जायचं नाही."

सहा वर्षं मी ते काम इमानाने केलं. त्या प्रेसवर मावशी बसायच्या. वयाने मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. सकाळी आल्या की फडक्याने मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "चल गं बाई, लागू कामाला."

मग नवे मॅनेजर आले. घड्याळ धरून मावशींच्या मागे उभे राहिले. माझ्या वर-खाली होण्यात दोन सेकंद जातात, एवढंच त्यांना दिसलं.

"काढा ही. सगळ्याच मशीनवरच्या काढा. माल वाढेल."

"साहेब, हात सापडेल ना," मावशी म्हणाल्या.

"लक्ष असलं तर कशाला सापडेल? जमत नसेल तर सांगा, दारात रांग लागलीय."

आम्ही आठ जाळ्या होतो. आमच्याशिवायही प्रेस चालतील अशी तारांची जोडणी करून आम्हाला उतरवलं. सात भंगारात गेल्या. मी कपाटामागे पडले, म्हणून राहिले. माल वाढला. मालकांनी मॅनेजरांना हार घातला. मावशींना मात्र पाणी प्यायला उठायचीही चोरी झाली.

वर्षभराने एका दुपारी मी मावशींची किंकाळी ऐकली. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

त्यांना दवाखान्यात नेलं, तशी मॅनेजरांनी मला शोधून काढलं. घासूनपुसून पुन्हा प्रेसवर चढवलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला सरकारी मॅडम आल्या.

"जाळी आहे की!" मॅनेजर म्हणाले. "त्यांनीच उचलून हात घातला. निष्काळजीपणा, दुसरं काय?"

मित्रांनो, ज्या हातांना मी सहा वर्षं जपलं, त्यांच्याच विरुद्ध मला खोट्या साक्षीला उभं केलं होतं. माझा तिळपापड झाला. पण लोखंडाला कुठलं तोंड?

शेजारच्या प्रेसवरची बाई उठली. इतकी कमी बोलायची, की सगळे तिला 'मुकी' म्हणत.

"मॅडम, माझ्या मशीनवर जाळी कुठाय, विचारा ना यांना."

"दुरुस्तीला गेलीय," मॅनेजर गडबडले.

मॅडमनी शेडभर नजर फिरवली. "सातही?"

"काल दुपारपर्यंत मावशींच्या मशीनवरही नव्हती," मुकी म्हणाली. "यांनीच काढायला लावल्या."

"तू उद्यापासून येऊ नकोस!"

"मग आम्हीही येत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. एकेक करत सगळ्या प्रेस थांबल्या.

मॅडमनी शेडला टाळं ठोकलं. आठही जाळ्या बसल्यावरच ते उघडलं. मुकी कामावर राहिली. दोष कारखान्याचा, असं कागदावर आलं. मॅनेजरांना मात्र मालकांनी आपल्या दुसऱ्या कारखान्यात नेलं, वरच्या जागेवर! आणि मावशी? त्या आता डाव्या हाताने वेणी घालायला शिकताहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी कारखाने चालवाल, कुणी त्यांत राबाल. अपघातानंतर कुणी म्हणालं, "तिचंच लक्ष नव्हतं," तर लगेच मान डोलवू नका. आधी विचारा, घाई कुणाला होती?