मामाजींचा आयटी मॅनेजर

वीरेंद्रला कॉम्प्युटरमधलं कितपत कळतं, हा प्रश्न लाखनीच्या त्या हॉस्पिटलात कोणी विचारत नसे. तो मालक श्यामरावांचा सख्खा भाचा होता आणि आयटी मॅनेजर व्हायला तेवढी पदवी पुरली होती. खरं काम त्याच्या हाताखालचा सुगत करायचा. वीरेंद्रचा मनापासून तिरस्कारही करायचा, तोही नेमाने.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुगत नागपूरहून, दीक्षाभूमीवरून परतला, तर जुने एक्स-रे आणि स्कॅन कुठल्याच डॉक्टरला दिसत नव्हते. हे सगळे फोटो एका मोठ्या स्टोरेजमध्ये असत. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्या मध्ये एक स्विच, आणि त्यात खुपसलेल्या काचेच्या तंतूंच्या, उजेडावर चालणाऱ्या बारीक केबली. शहाणी माणसं अशा जोडणीला दोन वाटा ठेवतात, एक बंद पडली तर दुसरी. वीरेंद्रने दुसरी वाट फालतू खर्च म्हणून घेऊच दिली नव्हती आणि त्याबद्दल मामांची शाबासकीही मिळवली होती.

सर्व्हरच्या खोलीत श्यामराव कमरेवर हात ठेवून उभे होते. दाराशी सफाईच्या वच्छलाबाई, डोळे लाल झालेले.

“मामाजी, मी सांगतलं ना तुमाले,” वीरेंद्र म्हणत होता. “परवा सांजच्याले मावशीनं ओला पोछा मारला अन् नागपूरले पळाली. पानी गेलं मशीनमंदी. तवापासून बंद हाये.”

“तसं निघालं त उद्यापासून येऊ नोको,” श्यामराव वच्छलाबाईंना म्हणाले.

बाई विधवा. मुलगी दीपमाला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि घरात कमावणारे हात हे दोनच. सुगतने वीरेंद्रकडे पाहिलं आणि त्याचं डोकं तापलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हणही या माणसाला लागू पडत नव्हती. हा नाचायला उठतच नसे, नुसता बसल्या जागेवरून अंगणाला नावं ठेवायचा.

“सर, तुमी काय काय करून पाह्यलं?” सुगतने विचारलं.

“रीस्टार्ट.”

“अन् मंग?”

“परत रीस्टार्ट.”

सुगत खाली बसला. स्विच कोरडाठाक होता. स्टोरेज चालू, सर्व्हरही चालू. स्टोरेजची केबल ज्या पोर्टात शिरत होती, तेवढ्याचाच हिरवा दिवा बंद. म्हणजे दोघंही धडधाकट, फक्त आपसात बोलणं नाही. त्याने नवी केबल लावून पाहिली. दिवा लागला नाही. तीच केबल शेजारच्या पोर्टात घातली, तर लगेच लागला. म्हणजे दोष त्या एका पोर्टात होता.

त्याने ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरचा चिमटा मागवला, मोबाइलचा टॉर्च धरला आणि आतून जे निघालं ते तळहातावर घेऊन श्यामरावांपुढे केलं. तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला.

श्यामरावांची हयात राइस मिलमध्ये गेलेली. त्यांना दाण्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

“अक्षत हाये ही,” ते म्हणाले.

“पोछ्याचा काई संबंध नाही,” सुगत म्हणाला. “कोनीतरी दसऱ्याची पूजा केली. केबली काढून मशीन पुसली, अक्षता टाकल्या, अन् वरून केबली कोंबल्या. दाना आडवा आला. उजेड पुढं जाईन कसा?”

दसऱ्याला यंत्रं पुजायची रीत जुनीच. मिलच्या मोटारींनाही हार पडतात, त्यात वावगं काही नाही. पण मोटारीपुढे अक्षता वाहणं वेगळं आणि उघड्या पोर्टांवर त्या मुठीने उधळणं वेगळं, एवढी अक्कल तरी मॅनेजरला असायला हवी होती.

वीरेंद्र गप्प राहिला असता तर नुसता मूर्ख ठरला असता. त्याने तोंड उघडलं.

“जाता जाता मावशीनंच केली असंन पूजा.”

सुगतला हसू आवरेना. वच्छलाबाई मात्र हसल्या नाहीत. पदर खोचून त्या पुढे आल्या.

“साहेब, पोछ्याचा आळ घेतला, मी आयकून घेतलं. कामचोर म्हना, धांदरट म्हना. पन पूजा माह्यावर घालू नोका. माह्या सासऱ्यानं छप्पन साली घरचे देव वैनगंगेत सोडले. तवापासून आमच्या घरी कोनत्याच देवाले अक्षत पडली नाही. अन् मी तुमच्या डब्याले वाहाले बसू?”

श्यामराव त्यांच्या सासऱ्याला ओळखत होते. मिलमध्ये पोती वाहायचा, आणि मोटारींची पूजा सुरू झाली की बाहेर जाऊन उभा राहायचा. ते भाच्याकडे वळले.

“या खोलीची चाबी दे.”

वीरेंद्रने दिली. श्यामरावांनी ती वच्छलाबाईंच्या हातात ठेवली.

“मावशी, तू उद्याही ये अन् परवाही ये. या खोलीत तू अन् सुगत. बाकी कोनी पाय ठेवाचा नाही.”

माफी मात्र कोणी मागितली नाही; त्या घराण्यात ती पद्धत नव्हती. वच्छलाबाईंनी किल्ली पदराला बांधली.

“मंग मी काम कुठून करू, मामाजी?” वीरेंद्रने विचारलं.

“काम?” श्यामराव म्हणाले. “ते कवापासून करून राहिला तू?”