काचेपलीकडचं बोलणं

अक्काने तीस वर्षं कापड गिरणीत माग चालवले. शंभर मागांचा खडखडाट असा, की शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू जायचं नाही. त्यामुळे खात्यातल्या सगळ्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या होत्या. कुणाच्या सासूने काय खुसपट काढलं, कुणाला दिवस गेलेत, सगळं आवाजाशिवाय या टोकापासून त्या टोकाला पोचायचं. पुढे नोकरी संपली, कानही जरा गेले, पण ही विद्या गेली नाही.

तिच्या मुलाला हे ठाऊक होतं. त्या दिवशी त्याच्या ध्यानात राहिलं नाही, इतकंच.

दोन महिने तिचं पोट दुखत होतं, अन्न जात नव्हतं. तपासण्या झाल्या, दुर्बीण घालून तुकडा काढून झाला. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी मुलाला तेवढं आत बोलावलं. अक्का बाहेरच्या बाकावर बसली. केबिनचं दार काचेचं होतं आणि डॉक्टरांचं तोंड सरळ तिच्याकडे होतं.

"कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "यकृतापर्यंत गेलाय. बरा नाही होणार. नवी इंजेक्शनं आहेत, त्यांनी थोडं लांबवता येईल."

मग त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला. मुलाने टेबलावर हात टेकला. त्याची पाठ तिच्याकडे होती, त्यामुळे तो काय बोलला ते कळलं नाही. डॉक्टरांचं उत्तर मात्र कळलं. "घर विकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मुलगा बाहेर आला तो चेहरा पुसूनच. "काही नाही गं आई. आतड्याला सूज आहे. थोडी इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"बरं," अक्का म्हणाली.

घरी आल्यावर दोन दिवस तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. मरणाची भीती वाटलीच. पण त्याहून जास्त लागलं होतं ते वेगळंच. आपल्याच पोटाबद्दल बोलणं चाललं होतं आणि आपल्याला चपलेसारखं दाराबाहेर ठेवलं होतं. मुलाचा राग मात्र येईना. तो जेवताना घास हातात धरून नुसता बसायचा, ते तिला दिसत होतं.

पुढच्या भेटीला तिने केबिनच्या दाराशीच त्याला थांबवलं. "तू बस इथे. मी जाऊन येते."

"अगं, पण तुला ते सगळं…"

"बस म्हटलं ना."

आत जाऊन ती खुर्चीवर बसली. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला. कागदावर तिने चार प्रश्न लिहून आणले होते.

"आजी, तुम्ही काही काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले. "मुलाला मी सगळं सांगितलंय."

"गाठ माझ्या पोटात आहे डॉक्टर, त्याच्या नाही. कॅन्सर आहे ते मला कळलंय. आता पुढचं मला सांगा."

 डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

तिने कागदावर बोट ठेवून एकेक विचारलं. या इंजेक्शनांनी काय होईल? दहातल्या दोघा-तिघांना फरक पडतो, बाकीच्यांना नाही. फरक पडला तर किती? साधारण तीन-चार महिने जास्त. त्यातले किती दिवस दवाखान्यात जातील? डॉक्टरांनी मनाशी मोजलं आणि खरं ते सांगितलं. बरेच.

"आणि याहून स्वस्त काही आहे का?"

"जुनं औषध आहे. गोळ्या. गुण थोडा कमी येतो, पण खर्च दहावा हिस्साच. घरीच घेता येतात."

"हे मुलाला सांगितलंत?"

"नाही. ते म्हणाले, सगळ्यात चांगलं असेल ते द्या."

"तो असंच म्हणणार. मुलगा आहे माझा." अक्काने कागदाची घडी घातली. "माझी फाईल मला हवी. आणखी एका डॉक्टरांना दाखवते, मग ठरवते. राग मानू नका."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "दाखवाच."

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि तेच सांगितलं. दुखणं आवरायचं औषध तिथे फुकट मिळतं, हे आणखी एक सांगितलं. ते आजवर कुणी बोललं नव्हतं.

अक्काने गोळ्या घ्यायचं ठरवलं. मुलगा ऐकेना. इस्पितळाच्या जिन्यातच त्याचा बांध फुटला. "उद्या मला काय वाटेल? आईच्या वेळी मी पैसे मोजत बसलो?"

"तू नाही मोजलेस. मी मोजलेत," अक्का म्हणाली. "पैसे मोजले आणि दिवसही मोजले. माझे आहेत ते."

तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. माणसं बाजूने चढत-उतरत होती. अक्का शेजारी बसून राहिली. गप्प हो, असं काही तिने म्हटलं नाही.

गोळ्यांनी तोंड आलं, केस विरळ झाले. पाच महिन्यांनी गाठ होती तेवढीच होती. त्यानंतरचे चार महिने बरे गेले. ती जिना चढायची, शेजारणीशी भांडायची, सुनेला शिवणाचं मशीन दुरुस्त करून द्यायची. मग गाठ पुन्हा वाढली आणि तिनेच गोळ्या बंद करायला सांगितल्या. शेवटचे तीन आठवडे वाईट होते. दुखण्याचं औषध वेळेवर मिळायचं, तरीही वाईट होते. त्या आठवड्यांत मुलगा कामावर गेला नाही.

ती गेली ती घरीच, सकाळी, अंगावर ऊन आलेलं असताना. इंजेक्शनं घेतली असती तर आणखी किती दिवस मिळाले असते, हा विचार मुलाच्या मनात अजूनही येतो. उत्तर कुणाकडेच नाही. विचार आला की तो हातातलं काम थांबवतो, जरा वेळ तसाच बसतो, आणि मग कामाला लागतो.