काळ्या फडक्याखालचे चार पाय

आमच्या सिनसिनाटीच्या ग्रंथालयात जिन्याजवळच्या भिंतीवर जुन्या शहराचे फोटो लावलेत, १९०८ सालचे. घोडागाड्या, ट्रामचे रूळ, बिअरची पिंपं, धुराने काळवंडलेल्या भिंती. त्यातल्या एका फोटोत मापाची काठी धरून उभ्या असलेल्या बाईला तोंडच नाही. तोंडाच्या जागी काळा डाग आहे. खाली चिठ्ठी आहे, 'मूळ काच खराब झालेली'. काच काही आपोआप खराब झाली नव्हती. ओटिली डॉर्शने ती स्वयंपाकघरातल्या सुरीने खरवडली होती, आणि चांगली मन लावून खरवडली होती.

तिचा नवरा क्लेमेन्स फोटोग्राफर. त्या साली शहराने रस्ते खणून नवे नळ घालायला काढले होते. उद्या कोणी उठून 'तुमच्या खोदकामाने माझ्या भिंतीला तडा गेला' म्हणून भांडायला आला तर दाखवायला काहीतरी हवं, म्हणून खणायच्या आधी प्रत्येक रस्त्याचा फोटो काढून ठेवायचा. ते काम क्लेमेन्सला मिळालं. सकाळी तो कॅमेरा आणि तिपाई खांद्यावर टाकून निघायचा, दुपारी फोटो उतरलेल्या काचा आणून द्यायचा; तेव्हा फिल्म नव्हे, काचच वापरायचे. ओटिली तळघरात लाल दिव्यापाशी त्या धुऊन त्यांच्यावर नंबर घालायची.

शहराच्या कचेरीला भिंतीतली वीट न् वीट स्पष्ट हवी. म्हणून क्लेमेन्स भिंगाचं तोंड बारीक करून काचेला दोन-तीन सेकंद उजेड द्यायचा. तेवढ्या वेळात जे हललं ते फोटोतून गेलं. चालती माणसं पुसून जायची, घोड्याचे पाय उरायचे आणि मान गायब व्हायची. फोटोत धड कोण उतरणार, तर ज्याला कोणी मुद्दाम उभं केलंय तोच.

हे ओटिलीला कोणी सांगायला नको होतं. बारा वर्षांपूर्वी ती बापाच्या बेकरीच्या दारात उभी होती, तेव्हा असेच इमारतींचे फोटो काढत आलेल्या ह्याच माणसाने तिच्या हातात मापाची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी दिली आणि म्हणाला, "श्वास धर आणि माझ्याकडे बघ." तिने बघितलं, आणि सहा महिन्यांत लग्न झालं. पुढे कित्येक वर्षं काठी तीच धरायची. गुडघा धरला तेव्हापासून ती तळघरात बसली आणि क्लेमेन्स येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्याही हाती काठी देऊ लागला.

एकोणीस नंबरच्या काचेत ती बाई पहिल्यांदा दिसली. विसाव्यात होती, एकविसाव्यातही होती. रस्ते वेगळे, बाई तीच. काचेवर सगळं उलटं उतरतं, पांढरा एप्रन काळा आणि तोंडही काळं, पण बाई देखणी आहे एवढं ओटिलीला बरोबर कळलं. असल्या गोष्टी कळायला उजेड लागत नाही.

तिने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, की ही कोण. क्लेमेन्स म्हणाला, असेल कोणीतरी रस्त्यावरची, आणि बटाटे मागितले. रस्त्यावरची म्हणे. एल्म स्ट्रीटवरची रस्त्यावरची दुसऱ्या दिवशी दोन मैलांवरच्या रस्त्यात कशी उगवते?

मग तिला एकेक दिसायला लागलं. हा माणूस पूर्वी दोन-दोन दिवस दाढीला हात लावत नसे, तो आता रोज करायला लागला होता, आणि तीही इतक्या घाईने की गाल कापून घ्यायचा. जेवणानंतर जर्मन पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, ते बंद झालं. म्हणे दमलो. समोर बसलेल्या बायकोकडे बघायचा तो आरपार बघितल्यासारखा. माणूस प्रेमात पडला की असाच होतो, हे ओटिलीला ठाऊक होतं. तिच्या प्रेमात पडला होता तेव्हाही तो असाच वेंधळा झाला होता. तिचा जीव जळायचा तो ह्याचसाठी. तिचं म्हणून जे होतं, ती काठी, ते 'माझ्याकडे बघ', ते सगळं उचलून त्याने दुसरीला देऊन टाकलं होतं.

एकतिसाव्या काचेत ती बाई हसली होती. ओटिलीने तोवर सगळं गिळलं होतं, हसू मात्र तिला गिळवेना. तिने सुरी घेतली आणि ते तोंड खरवडून काढलं, अगदी कानापर्यंत. मग काच वाळवून मुद्दाम क्लेमेन्सच्या हातात दिली. बघू दे. ओरडू दे. एकदा काय ते भांडण होऊन जाऊ दे.

क्लेमेन्सने काच खिडकीसमोर धरली. वरून खाली, खालून वर बघितली.

"झकास उतरलीय," तो म्हणाला आणि काच पेटीत ठेवली.

ओटिलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने बघून न बघितल्यासारखं केलं. इतका कोडगेपणा. चोरी पकडली गेली हे कळूनही ह्याला घास गोड लागतो, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय. कचेरीला भिंतीशी मतलब, बायकांच्या तोंडाशी नाही. तिने फोटो तसाच छापून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला आणि मागोमाग ती निघाली, गुडघा धरत, शेजारणीची टोपी घालून. रेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तिला तिपाई दिसली. कॅमेऱ्यावरून काळं फडकं खाली सोडलेलं होतं, आणि फडक्याखाली चार पाय होते. दोन क्लेमेन्सचे, आणि दोन बाईचे.

भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. ओटिलीला गुडघा आहे की नाही हेच आठवेना. ती तशीच जाऊन भिडली आणि फडक्याला हिसडा दिला.

बाई कॅमेऱ्याच्या मागच्या काचेला डोळा लावून वाकली होती. क्लेमेन्स तिच्या बाजूला, हात भिंगाच्या स्क्रूवर आणि डोळे मिटलेले.

"अजून एक केसभर," बाई मागे न बघता म्हणाली, "अजून थोडं. बस. आता भिंत साफ दिसतेय, मिस्टर डॉर्श." आणि मग तिला उजेड जाणवला.

तिचं नाव डेलिया मॅकगार्व्ही. चष्म्याच्या दुकानात भिंगं पुसायची. क्लेमेन्स गेल्या वसंतात चोरून तिथे गेला होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं ऐकून आला होता. दुकान उघडायच्या आधी तासभर ती त्याच्यासाठी कॅमेऱ्यातून बघायची आणि मग जाऊन काठी धरायची. हे सगळं तिनेच सांगितलं. क्लेमेन्स फडक्याचं टोक चिवडत उभा होता.

ओटिलीला काच आठवली. झकास उतरलीय. त्याला तो ओरखडा दिसलाच नव्हता. कापलेला गाल, बंद झालेला पेपर, ते आरपार बघणं. हिशेब सगळा जुळला, पण जिवाला थंडावा म्हणून नाही. उलट आता खरं झोंबलं.

"हिला सांगितलंस," ती म्हणाली. "आणि मला नाही?"

क्लेमेन्सने आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. "तिने मला आंधळा म्हटलं तरी काय बिघडतं, ओटी? तू म्हणाली असतीस तर मी झालोच असतो."

ओटिलीने डेलियाच्या हातात काठी कोंबली, भिंतीकडे बोट दाखवलं आणि स्वतः फडक्याखाली शिरली.

मागच्या काचेवर रस्ता उलटा टांगलेला होता आणि डेलिया डोकं खाली, पाय वर. अंधुक होती, नुसता पांढरा ढग. ओटिलीचा हात स्क्रूवर थांबला. असंच सोडलं असतं तर कोणाला कळलं असतं? ह्याला दिसत नव्हतं. भिंत तेवढी साफ करायची, ही राहिली असती पिठाच्या पोत्यासारखी. मनात आलं, खोटं कशाला सांगायचं. चांगलं दोनदा आलं.

मग तिने स्क्रू फिरवला, केसभर, अजून केसभर. भिंतीच्या विटा आल्या, एप्रनची शिवण आली, गालावरचे ठिपके आले. बाई खरंच देखणी होती, मेली.

"श्वास धर," ओटिली फडक्याखालून म्हणाली, "आणि माझ्याकडे बघ."

तो फोटो आहे ग्रंथालयात, बत्तीस नंबरचा, बिनतोंडाच्या बाईच्या शेजारी. त्यातल्या बाईच्या पापण्या मोजता येतात. लोक विचारतात की त्या काळी इतकं स्पष्ट कसं काढलं.

तेहतिसाव्यापासून मात्र काठीला दुसरी बाई आहे. ठेंगणी, दुखरा गुडघा सांभाळत एका पायावर भार देऊन उभी, कपाळाला आठ्या. मोठेपणा काय, माणूस एक दिवस दाखवतो. रोज रोज कोण दाखवणार?