नवव्या दिवशीचे पाहुणे

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. जपमाळ चाललीय, बायका हुंदके देतायत, आणि फाब्रिसिओ सर काय करतायत? डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत बोटाने भिंत वाजवतायत! टक, टक. आतून पोकळ आहे का बघायला. शेजारी बसलेला दाइरो कुणी बघत तर नाही ना, हे चोरून बघत होता.

गेला होता उबाल्दो शिंपी, त्याचा आज नववा दिवस. या दोघांनी त्याला जिवंतपणी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण आमच्या गेत्सेमानी वस्तीत नऊ दिवस मयताच्या घराचं दार सगळ्यांना उघडं, कोण कुठला कुणी विचारत नाही. सरांचा सगळा धंदा त्या उघड्या दारावर. जुनं घर पडत्या भावात उचलायचं, रंग मारायचा, परदेशी पाहुण्यांना भाड्याने लावायचं. याचीच ते शिकवणी घ्यायचे, आणि दाइरो त्यांचा लाडका चेला. हे घर जमलं तर पहिल्यांदाच त्यालाही हिस्सा मिळणार होता.

"आठ दिवस लोक रडतात, पोरा," सर त्याच्या कानाशी लागले. तोंडाला चीजच्या बिस्किटांचा वास. "नवव्याला वाटण्या आठवतात. आपण घराचा विषय काढायचाच नाही. एवढंच म्हणायचं, एकट्या बाईला छप्पर जड होतं हो."

"आणि ओळख विचारली तर?"

"शिंपीच होता ना? पॅन्ट शिवली होती म्हण. आणि थोबाड सरळ कर, मयताला आलोय आपण."

सरांनी तिसरी बशी संपवली आणि बोटं कुठे पुसली माहितीय? मयतासाठी घरात मांडलेल्या वेदीच्या पांढऱ्या चादरीला. शप्पथ!

तेवढ्यात उबाल्दोची मुलगी नेल्सी कॉफी घेऊन आली. आता या घरात ती एकटीच.

"तुम्ही बाबांना कसं ओळखायचात?" तिने दाइरोला विचारलं.

"माझी पहिली पॅन्ट त्यांनीच शिवली होती, ताई."

नेल्सीचा चेहरा एकदम उजळला. "मग खिसे खोल असणार! पोरांच्या गोट्या मावल्या पाहिजेत म्हणायचे."

"हो," दाइरो म्हणाला. "खूप खोल होते."

स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली त्याला. आणि ती? तिने ट्रे खाली ठेवला, त्याचा हात धरला. "वेदी उतरवायला घरचा पुरुष लागतो रे. भाऊ दोघेही आले नाहीत. तू उतरवशील?"

दिवे घालवले. दाइरोने एकेक मेणबत्ती विझवली, क्रूस खाली घेतला. आत्म्याला बाहेर जायला वाट हवी म्हणून सगळे दारापासून बाजूला झाले. सगळे म्हणजे, सर सोडून. सर चौकट वितीने मोजत होते.

"अहो, हटा की दारातून!" एक म्हातारी खेकसली. "उबाल्दोला जायचंय!"

रडता रडता लोकांना हसू फुटलं. कुणीतरी सरांना कोपराने बाहेर ढकललं.

दिवे लागल्यावर नेल्सी आणि दाइरो चादरीची घडी घालायला लागले. तेलकट बोटांचे डाग तिच्या बाजूला आले. ती त्या डागांकडे बघत राहिली.

"त्या माणसाला ओळखतोस तू?" तिने दाराबाहेर नजर टाकत हळूच विचारलं.

दाइरोने नकारार्थी मान हलवली.

"माझी मावशी गेली तेव्हाही नवव्याला आला होता. असाच रडला, असंच खाल्लं. आता मावशीच्या खोलीत पर्यटक झोपतात." तिने घडी छातीशी धरली. "भाऊ ऐकत नाहीत, घर विकावंच लागणार. पण त्याच्या घशात नको. तू घे. नाहीतर तुझ्या ओळखीचं कुणीतरी बघ. बाबांचा माणूस आहेस तू."

दाइरोने बाहेर पाहिलं. फुटपाथवर सर दात कोरत उभे होते. काही ऐकू गेलं नव्हतं त्यांना, पण घर जमतंय एवढं कळलं असावं. त्यांनी अंगठा वर केला.

"शब्द दे मला," नेल्सी म्हणाली.

सांग ना आता. तू काय केलं असतंस?