तेविसावं पाखरू

भिकुबाईचं नाक मेलंय, असं तिची भावजय रेवाबाई चारचौघींत म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नंदुरबारात मिरचीच्या पथारीवर अठरा वर्षं देठ खुडल्यावर कोणाचं नाक जिवंत राहील? पथारी म्हणजे स्टेशनामागचं उघडं मैदान, तिथे चुनीलाल शेठची मिरची वाळत पडलेली असे. नवा माणूस आला की शिंकून शिंकून बेजार व्हायचा आणि बायका पदराआड हसायच्या. त्यांना स्वतःला काहीच व्हायचं नाही. अंगाला, लुगड्याला, घरातल्या गोधड्यांनासुद्धा तो तिखट वास असायचा, आणि घरच्यांना तो वास आहे हेही कळत नसे.

तेराव्या वर्षी कुंकू पुसून ती माहेरी परत आली. सासरी जेमतेम दोन महिने राहिली होती, नवऱ्याचा चेहरासुद्धा धड पाहिलेला नव्हता. पुढे आईबाप गेले आणि धाकटा भाऊ मगन तिच्या ओटीत पडला. मगन मराठी सातवी पास झाला, गावात लोक त्याला मास्तर म्हणायला लागले, पण ती सातवी कोणाच्या बोटांनी झाली ते कोणी विचारलं नाही. रात्रंदिवस आग होणारी ती बोटं ताकात बुडवून बसायची बाई. मग मगनचं लग्न झालं, रेवाबाई आली, आणि ज्या घराला हिने खांदा दिला त्या घरात ही जास्तीची झाली. आता बोला!

तर या बाईला एक नाद लागला. चुनीलालकडे सुरतेचे, मुंबईचे व्यापारी माल बघायला येत आणि सिगारेटी ओढून रिकामी पाकिटं तिथेच फेकत. एका विलायती सिगारेटच्या पाकिटात दोन बोटांएवढं रंगीत चित्र निघायचं. प्रत्येक चित्रावर एक पाखरू, मागे बारीक छपाई आणि नंबर. पहिलं सापडलं ते नीळकंठाचं. असला निळा रंग तिने कागदावर कधी पाहिलाच नव्हता. तिने ते चोळीत ठेवलं, आणि त्या दिवसापासून तिची नजर व्यापाऱ्यांच्या हाताकडे लागली. पाकीट पडलं की ही उठली. भिकुबाई आता धूर प्यायला लागणार, अशी बायकांनी टर उडवली. उडवू देत. तिने कान दिला नाही.

पोत्यांवर रंगाने आकडे टाकायचं काम फुलसिंग करायचा. आगगाडीने जाणाऱ्या मालावर इंग्रजी आकडे लागत. त्याच्यामागे लागून तिने ते आकडे शिकून घेतले. अक्षर एक येत नव्हतं, पण एकापासून पन्नासपर्यंत आकडे ती घडाघड ओळखायची. पाखरं पन्नास आहेत, हेही फुलसिंगनेच कोणा व्यापाऱ्याकडून वाचून घेऊन तिला सांगितलं. चार नंबरला राघू, अकराला मोर, तीसला घुबड. जी पाखरं कधी पाहिली नव्हती त्यांना तिने स्वतःच नावं दिली. चोचीखाली पिशवी असलेला तो झोळीवाला. काळा डगला आणि पांढरी छाती घेऊन उभं असलेलं एक ध्यान होतं, त्याचं नाव वकीलसाहेब. ही नावं तिने कोणाला सांगितली नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात सात चित्रं कसरीने खाल्ली. त्या दिवशी ती जेवली नाही. मग तिने पत्र्याचा एक डबा आणला, तळाला मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि वर मलमलच्या फडक्यात चित्रं बांधून ठेवली. तिखटात कसर होत नाही, हे पथारीवरच्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. दर पावसाळ्याला ती मिरच्या बदलायची आणि जुन्यांचा चुरा तसाच तळाशी राहायचा. खाल्लेली सात पुन्हा मिळवायला तिला चार वर्षं लागली.

एकोणीसशे चौतीस साल उजाडलं तेव्हा तिच्याकडे एकोणपन्नास पाखरं झाली होती. राहिलं होतं फक्त तेवीस. बाकीची दोनदोन, तीनतीनदा निघत, पण हे काही केल्या निघेना. ते मिळालं म्हणून कोणी तिला बक्षीस देणार नव्हतं. पण तिला ते हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. संसार अर्धा राहिला, शाळा तर सुरूच झाली नाही. जन्मात एक तरी गोष्ट आपल्या हाताने पुरी व्हावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. हे खूळ असेल तर असो. तेविसावर कोणतं पाखरू असेल, याचा ती देठ खुडताखुडता तर्क करत बसायची. सुतार तिच्याकडे होता, खंड्या होता, साळुंकी होती. हळद्या अजून नव्हता. तिच्या मनाने घेतलं होतं की तेविसावर हळद्याच असणार.

त्या फाल्गुनात स्टेशनवर पार्सल कारकुनाची जागा निघाली आणि मगनला रेल्वेच्या टोपीची स्वप्नं पडायला लागली. जागा भरायला सुरतेहून एक पारशी साहेब आपल्या सलूनमधून, म्हणजे बड्या साहेबांच्या खास रेल्वे डब्यातून, येणार होता. मगनच्या दोस्ताने, चुडामणने, कुठूनशी बातमी काढली की या साहेबाला सिगारेटच्या पाकिटातली चित्रं जमवायचा मोठा शौक आहे. झालं. मगनला पुढचं सुचायला वेळ लागला नाही. भिकुबाई पथारीवर गेल्यावर त्याने फळीवरचा डबा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि काखेत मारून निघाला. रेवाबाईने पाहिलं. ती पुन्हा भांडी घासायला लागली.

पुढचं सगळं नंतर मगनच्याच तोंडून बाहेर आलं. साहेबाने त्याला सलूनमध्ये बोलावलं. ही चित्रं मी आठ वर्षं खपून जमवलीत, असं याने सांगितलं. मी! जीभ कशी झडली नाही कोण जाणे. साहेब माणूस सज्जन. त्याने फडकं सोडलं, टेबलावर एकेक पाखरू नंबराने मांडलं आणि असा निगुतीने ठेवलेला संच आपण मुंबईतही पाहिला नाही म्हणाला. मगनने लगेच हात जोडले, साहेबांनी सगळी ठेवून घ्यावीत म्हणाला. साहेबाने मान हलवली. कोणाचा आठ वर्षांचा संच मी घेणार नाही, तुमचं एकच कमी आहे आणि माझ्याकडे ते दोनदा आहे, असं म्हणून त्याने आपल्या पेटीतून तेवीस नंबर काढला आणि बावीस आणि चोवीसच्या मध्ये ठेवून दिला. पन्नास झाली. त्या टेबलावर, नंदुरबार स्टेशनात, भरदुपारी पन्नास पाखरं पुरी झाली. आणि जिची ती होती ती दोनशे पावलांवर मिरचीचे देठ खुडत बसली होती.

साहेबाने चित्रं पुन्हा फडक्यात बांधली. डब्यात ठेवण्याआधी तळाला काय खुळखुळतंय म्हणून त्याने डबा टेबलावर उपडा केला आणि वरून दोन थापा मारल्या. सलूनमध्ये विजेचा पंखा चालू होता. आठ पावसाळ्यांचा मिरचीचा चुरा हो! साहेब शिंकतोय, डोळे चोळतोय, चोळल्यावर आणखी आग होतेय, शिपाई खोकतोय, आणि मगन मात्र मख्खासारखा उभा. त्याच्या नाकाला काही झालंच नाही. तिथेच सगळं फसलं. दिवस चळवळीचे होते. साहेबाला वाटलं, खादीवाल्यांनी हा पोरगा मुद्दाम पाठवला. नाहीतर सगळ्यांचे डोळे गेले आणि हा एकटा ठणठणीत कसा? त्याने मगनला हाकललं. शिपायाने डबा, फडकं, सगळं उचलून पलीकडच्या खिडकीतून रुळांवर भिरकावलं. तेवढ्यात मालगाडी आली आणि गेली.

संध्याकाळी भिकुबाई घरी आली तर मगन ओसरीवर डोकं धरून बसलेला, रेवाबाई डोळ्याला पदर लावून. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर मगन तिच्यावरच उसळला.

"तुन्ही मिरचीनी मन्ही नोकरी खादी, अक्का."

मग त्याने सगळं सांगितलं, आणि आपण चोरी केली हे सांगताना एकदाही त्याच्या मनात आलं नाही. डब्यात मिरच्या ठेवतं का कोणी? शहाण्या माणसाच्या घरात असलं खूळ असतं का? रेवाबाईने री ओढली. शेजारच्या जसोदाबाईनेही येऊन तेच सांगितलं, की भावाचं वाटोळं केलंस. डबा कोणाचा होता, हे त्या ओसरीवर एकालाही आठवलं नाही.

भिकुबाई उंबऱ्यात उभी होती. तिला रडू आलं नाही. तिच्या कानात एकच गोष्ट अडकून बसली होती.

"तेवीसवर कोनतं पाखरू व्हतं रे, भाऊ?"

मगनने तिच्याकडे बघितलं, जणू ती वेडी झालीये.

"मी कसाले देखू? व्हतं काहीतरी पाखरू."

दुसऱ्या दिवशी ती पथारीवर न जाता रुळांवर गेली. फाल्गुनातला वारा, आणि त्यात कागदाचे ते चिटोरे. बाभळींच्या खालून, खडीच्या फटींतून तिने दुपारपर्यंत चौदा चित्रं वेचली. वकीलसाहेबाचं डोकं तुटलं होतं. तेवीस नव्हतं. फाटकवाल्याने, बाई काय शोधतेस म्हणून विचारलं, तर तिला सांगता आलं नाही. कोणतं पाखरू म्हणून सांगणार? चौदाच्या चौदा तिने घरी आणून चुलीत घातली. त्यानंतर पथारीवर पाकीट पडलं तरी ती उठली नाही. बायकांनी टर उडवायची सोडली, आणि तेच तिला जास्त लागलं.

मगनचं काही वाटोळं झालं नाही. वर्षभरात तो तळोद्याच्या कचेरीत चिकटला, अंगाने भरला आणि चारचौघांत बोलायला शिकला. सुट्टीला घरी आला की जेवायला पाहुणे असायचेच, आणि पंगतीत त्याची एक ठरलेली गोष्ट असायची, पारशी साहेबाच्या शिंकांची. आता ती गोष्ट हसण्याची झाली होती. तो साहेबासारखा शिंकून दाखवायचा, डोळे चोळून दाखवायचा, आणि लोक घास खाली ठेवून हसायचे. गोष्टीत चित्रं त्याचीच होती, आठ वर्षं त्यानेच जमवली होती. भिकुबाईचं नाव त्यात नसायचं. असलीच तर मिरच्या ठेवणारी एक खुळी बहीण असायची.

"आणि साहेबाने स्वतःच्या हाताने मला तेवीस नंबर दिला," तो सांगायचा, "त्यावर असा सुंदर राघू."

पुढच्या खेपेला त्यावर मोर असायचा. कधी घुबड. पाहुणे वेगळे, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं नाही. आत चुलीपुढे भिकुबाईचा भाकरी थापणारा हात तेवढ्यापुरता थांबायचा. एवढी वर्षं झाली तरी दर वेळी तिला आस वाटायची, की आज तरी याला खरं आठवेल, आज तरी हा हळद्या म्हणेल, किंवा असं एखादं नाव घेईल जे तिच्याकडे नव्हतं. तो राघू म्हणाला की ती तोंडातल्या तोंडात म्हणायची, चार. मोर म्हणाला की, अकरा. घुबडाला, तीस. मग पुन्हा थापायला लागायची.

रेवाबाईला वाटायचं, अक्का भाकरी मोजतायत.