ब्रेकमधली हवा

"दाब!"

फिटरिणीनं पेडल दाबलं.

"धर!"

तिनं धरलं. चाकाशी उकिडव्या बसलेल्या नवऱ्यानं पान्यानं नट जरासा सैल केला, तेल नळीतून बाटलीत गेलं, आणि नट पुन्हा आवळला गेला.

"सोड!"

तिनं सोडलं आणि परत दाबून पाहिलं. पेडल तळापर्यंत गेलं.

"अहो, अजून तळालाच टेकतंय."

"दोन-तीनदा पंप कर."

"केलं की येतंय वर. थांबलं की परत पोकळ."

"नवीन आहे. चालवली की बसेल आपोआप. उतर तू."

"मी नाही उतरत. हा ब्रेक नाही, उशी आहे उशी."

"मग तुझाच पाय नीट बसत नसेल!"

नाचता येईना अंगण वाकडं, ते हे असं. फिटरिणीचा पाय लग्न झाल्या वर्षापासून ब्रेक दाबत आला होता. नवरा बसच्या डेपोत फिटर. नोकरी संपली, पण अंगणात कुणा ना कुणाची गाडी यायची थांबली नाही. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी, आणि परक्या माणसाला हाताशी घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. गल्लीनं तिला फिटरीण नाव ठेवलं ते काही उगाच नाही. पेडल खरं बोलतंय की खोटं, हे तिच्या तळव्याला कळायचं.

आज गाडी लेकीची होती. लेकीचं घर घाट उतरून पलीकडे. सगळा उतार, एका अंगाला दरी, आणि मागच्या सीटवर तीन वर्षांची नात. दुपारची जेवणं झाली की लेक गाडी न्यायला येणार होती. ती बिचारी गॅरेजात टाकते म्हणाली होती, तर बाप भडकला. "माझ्या पोरीच्या गाडीला परका हात लावणार? मी काय मेलोय?" पुढच्या दोन्ही चाकांना नवे कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी दोन्हीकडून चिमटीत धरणारे लोखंडी पंजे, काल त्यानं स्वतः बसवले. आणि आज सकाळपासून ब्रेक लागत नव्हता.

त्यानं तेल कुठे गळतंय का ते चाचपून पाहिलं. नळ्यांचे सांधे आवळले. तेलाचा नवा डबा फोडला. मग त्या तेलाला शिव्या घालून झाल्या, पंजे बनवणाऱ्या कारखान्याचा उद्धार झाला. शिव्या खायला आता फक्त बायको उरली होती.

"ये इकडे," तो म्हणाला. "पाना धर. मी दाबतो, मग बघू कुणाचा पाय ते."

इतक्या वर्षांत फिटरीण पहिल्यांदाच चाकाशी बसली. "दाबा!" ती म्हणाली, आणि नवऱ्याला हुकूम सोडताना तिला हसूच आलं. "धरा!" तिनं नट सैल केला. नळीतून स्वच्छ तेल आलं, त्यात एक बुडबुडा म्हणून नव्हता. तिनं नट आवळला आणि वाकून नीट पाहिलं.

"अहो, हा हवा काढायचा नट खाली कसा?"

"कुठे खाली?"

"पंजाच्या पार बुडाला. हवा नेहमी वर पळते, हे तुम्हीच जगाला सांगता ना? मग ती वरच बसणार अडकून. खालून नुसतं तेलच यायचं."

तिनं पदरानं पंजा पुसला. डाव्या चाकावरच्या पंजावर उजव्या बाजूचं अक्षर होतं. पांढऱ्या रंगात, उठावाचं, अंगठ्याच्या नखाएवढं. ती दुसऱ्या बाजूला गेली. तिथे डाव्या बाजूचं.

"उलटे बसलेत दोन्ही! एवढं ढळढळीत लिहिलंय, दिसलं कसं नाही तुम्हाला?"

बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं. गेलं वर्षभर तो पेपर तिच्याकडून वाचून घेत होता. "तुझ्या आवाजात बातमीसुद्धा गोड लागते," म्हणायचा. उतारवयात नवऱ्याला ही रसिकता कुठून सुचली म्हणून ती मनातल्या मनात सुखावली होती. शेजारणीला सांगूनही झालं होतं. आता तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग.

ती उठून खिडकीशी गेली. तो स्टिअरिंग धरून समोर बघत बसला होता.

"कधीपासून दिसत नाही?"

"उजेडात दिसतं."

"मग आत्ता काय रात्र आहे?"

त्यानं स्टिअरिंगवर बोट घासलं.

"बोटाला लागलं होतं ते अक्षर," तो म्हणाला. "कुठलं आहे ते कळेना."

"मग मला हाक मारायची! मी घरातच होते."

"हाक मारली असती तर तुला कळलं असतं."

"आणि पोर दरीत गेली असती, ते चाललं असतं?" फिटरीण एवढ्या मोठ्यानं कधी ओरडली नव्हती. शेजारची खिडकी उघडली, तरी ती थांबली नाही. "नात बसणार आहे त्या गाडीत! तिच्या जिवापेक्षा तुमचा तोरा मोठा?"

त्याचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. तिला त्याची दया आली, पण एकही शब्द तिनं मागे घेतला नाही.

"उतरा," ती म्हणाली. "पोरगी येईल एवढ्यात."

पंजे काढून अदलाबदल केली. तिनं अक्षरं वाचली, त्यानं बसवले. त्याचे हात अजून पहिल्यासारखेच नेमके चालत होते, म्हणून तर तिला जास्तच वाईट वाटत होतं. मग ती पुन्हा पेडलवर बसली. या वेळी नळीतून बुडबुडे निघाले, संपता संपेनात. ते संपले तेव्हा तिच्या पायाखालचं पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं.

चाकं चढवून होतात तोच लेक आली, कडेवर पोरीला घेऊन.

"झालं बाबा? घेतली ट्रायल?"

ट्रायल नेहमी तोच घ्यायचा. फिटरिणीनं त्याच्याकडे पाहिलं. आता हा 'घेतली' म्हणाला, तर पोरीच्या देखत त्याला खोटं पाडावं लागणार होतं.

"नाही घेतली," तो म्हणाला. "मला नीट दिसत नाही आता. काल मी पंजे उलटे बसवले. तुझ्या आईनं पकडलं. आता ब्रेक लागतोय, पण तू नाक्यावरच्या गॅरेजात दाखव आधी. तो ठीक म्हणाला तरच घाट उतर. तिथवरही सावकाश जा."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. लेकीनं गाडी फाटकापर्यंत नेऊन दोनदा ब्रेक दाबून पाहिला, आणि खाली उतरून बापाचा काळा हात क्षणभर आपल्या हातात धरला.

गाडी निघाली. दोघं फाटकात उभे राहिले.

"कोपऱ्यावर ब्रेक लावला का गं तिनं?"

"लावला. लाल दिवे लागले. थांबली बघा गाडी."

"बरं."

गाडी वळून गेली. तो मात्र रिकाम्या रस्त्याकडे बघून अजून हात हलवत होता. मग फिटरिणीनंही हात वर केला.