बोंडाची पाटी

“हे धूड इथं कोणी उभं केलं? भांडी घासायला जागाच न्हाई राह्यली,” चहापाणी बघणाऱ्या मीनाताई अगदी माझ्या कानाशी कुरकुरल्या, मला ढोपरानं सरकवलं आणि नळ सोडला.

मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. परतूरच्या जिव्हाळा महिला पतसंस्थेची जुनी पत्र्याची पाटी. आज मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभी असले, तरी माझा जन्म भर रस्त्यावर झाला. देवानंद पेंटरनं शिडीवर उभं राहून खडू लावलेल्या दोऱ्यानं माझ्यावर रेघा आखल्या, लाल रंगात गुबगुबीत अक्षरं काढली आणि शेवटी श्वास रोखून सगळ्यांच्या डोक्यावरून एकच लांब रेघ ओढली. कोपऱ्यात कापसाचं बोंड रंगवताना त्यानं शर्टाच्या खिशातलं खरं बोंड समोर धरलं होतं. खाली बघ्यांपैकी कोणी म्हणालं, बायांची बँक, दिवाळीपर्यंत तरी टिकते का बघू. किती दिवाळ्या गेल्या, ते मी मोजायचं सोडून दिलं.

गावोगावच्या बाया मला बोंडानं ओळखत. नव्या सुनेला एवढंच सांगायचं, स्टँडावर उतर आणि बोंडाखाली जाऊन बस. दर दसऱ्याला मला झेंडूचं तोरण मिळे आणि रंगाचा ताजा हात. गर्व होता का? होताच. अजून आहे.

मग बाजारपेठेत वारं फिरलं. साडीवाल्याच्या पाटीवरच्या अक्षरांचे वळसे गेले, मोठ्या बँकांची चिन्हं गोल गुळगुळीत झाली. आमच्या अध्यक्ष उषाबाईंनीही ठरवलं, आपण का मागं राहायचं. त्यांची भाची आकांक्षा असली अक्षरं-चिन्हं काढायचंच शिकून नुकतीच घरी आली होती. तिचं हे पहिलंच काम. पोरीनं जीव ओतून नवी पाटी केली. पांढरीशुभ्र, आतून उजळणारी. अक्षरं बारीक, राखाडी, डोक्यावरची रेघ काढून टाकलेली. बोंडाचा झाला एक गोल आणि त्याखाली दोन आडव्या रेघा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला भंगारात द्यायचं ठरलं.

दुसऱ्याच दिवसापासून माणसं लाईटबिल घेऊन आत येऊ लागली. त्यांना तो गोल बल्ब वाटे. मीनाताई त्यांना गुपचूप वाटेला लावत. उषाबाई बघून न बघितल्यासारखं करत. पोरीचं मन कोण मोडणार? जो तो म्हणे, छान झालीय.

आज बाजाराचा, गावोगावच्या बायांनी पैसे भरायला यायचा दिवस, आणि संध्याकाळी भंगारवाला यायचा होता. मीनाताई कपबश्या घेऊन आत गेल्या, दार लोटलं. खिडकीतून मला आतलं ऐकू येत होतं. दुपार झाली तरी एकही बाई कशी आली नाही, म्हणून आकांक्षा हवालदिल. शेवटी ती रस्त्यावर बघायला गेली.

इकडं बाया माझ्यापुढं बसल्या होत्या. दुर्गाबाईंचा अख्खा बचत गट! नव्या पाटीखालून त्या सरळ पुढं गेल्या होत्या. बोळातून मी दिसले, तेव्हा बँकेनं दार बदललं असं समजून इथं टेकल्या. भाकरीची फडकी सोडून, बंद दाराकडं बघत इतका वेळ कुजबुजत होत्या, आता मात्र हसत-खिदळत होत्या.

तो आवाज ऐकून आकांक्षा बोळातून आत आली. मागचं दार उघडून उषाबाई आणि मीनाताईही आल्या.

“आलीस का पोरी?” दुर्गाबाई म्हणाल्या. “बोंडाखाली कवाच्या बसून राह्यलो आम्ही.”

मीनाताईंनी नळाकडं तोंड फिरवलं. उषाबाई घाईनं म्हणाल्या, “अगं, नव्याची सवय व्हायला वेळ लागतो.”

मित्रांनो, नवी पाटी जरूर लावा. पण जुनी उतरवण्याआधी तिच्या भरवशावर कोण कोण घरून निघतं, तेवढं बघा.

आकांक्षानं माझ्या बोंडावरची धूळ ओढणीनं पुसली. मग पुसतच राहिली.

“मीनाताई, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगा,” ती म्हणाली आणि उषाबाईंकडं वळली. “आत्या, मी रस्त्यापलीकडून बघून आले. ते बोंड न्हाई. बल्बच आहे तो.”